बावीस इंची पेट्रोल चेनसॉ: खाली कामाची, झाडावर नको

बडोद्यात झाडं छाटणाऱ्यांचा टेम्पो उभा दिसला की त्यात दोरांची वेटोळी, कोयता, धारिया (लांब दांड्याचा कोयता) आणि कोपऱ्यात नारिंगी नाहीतर लाल रंगाचं एक मशीन असतंच. ५८ सीसी, २२ इंची पट्टी (जिच्या कडेने चेन फिरते ती), किंमत दहा हजारांच्या आसपास. नावं ढीगभर, पण स्टिकर काढलं तर आतलं सामान बहुतेकांचं सारखंच. एकाचा क्लच ड्रम (चेन फिरवणारा भाग) दुसऱ्याला बसतो, एकाचा स्टार्टर तिसऱ्याला. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, या जातीच्या मशीनचा आहे. निकाल आधीच सांगतो. जमिनीवर पडलेलं खोड कापायला ही करवत पैसे वसूल करून देते. दोरावर लटकून झाडात वापरायला मात्र घेऊ नका, कुणी फुकट दिली तरी.

डब्यावर छापलेलं वजन नुसत्या इंजिनाचं असतं, साडेपाच ते सहा किलो. त्यावर पट्टी आणि चेन चढली, ५५० मिली पेट्रोल आणि २६० मिली चेन ऑइल भरलं की काटा साडेसातच्या पुढे जातो. जमिनीवर हे वजन चालतं, उलट मशीन आपल्या भाराने खोडात उतरतं. बेचक्यात एक पाय अडकवून, कमरेला दोर बांधून तेच साडेसात किलो खांद्याच्या वर धरायचं म्हटलं की दोन मिनिटांत मनगट थरथरतं, आणि माणूस एका हाताने फांदी आणि एका हाताने करवत धरतो. अपघात इथेच होतात. या मशीनचं मागचं हँडल लांब असतं, ते दोन हातांनी, पाय जमिनीला टेकवून चालवायलाच बनवलंय. झाडात वापरायच्या करवतीचं हँडल इंजिनाच्या डोक्यावर असतं आणि तिचं वजन याच्या जवळपास निम्मं असतं. तीही दोन हातांनीच चालवायची असते.

५८ सीसी हा आकडाही तपासून घ्या. सिलिंडरचा व्यास ४५.२ मिमी आणि स्ट्रोक ३४ मिमी असेल तर हिशेब साडेचौपन्न सीसीच येतो. तेवढी ताकद वाईट नाही, पण २२ इंची पट्टी पूर्ण बुडवून चिंचेचं वाळलेलं खोड कापायला ती अपुरी पडते. इंजिन घुसमटतं, क्लच घसरून तापतो आणि जळका वास येतो. आमची शिफारस अशी की मशीन हेच घ्या, पण १८ इंची पट्टी आणि ७२ लिंकांची (पट्टीच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची) चेन मागा. पट्टी बसवायची जागा तीच असते. १८ इंचांत, म्हणजे ४५ सेंटिमीटरमध्ये, घराच्या आवारातलं जवळजवळ सगळं काम उरकतं, आणि खोड जाड असलं तर दोन्ही बाजूंनी कापता येतं. मशीन हलकं होतं, चेनला धार लावायला दात कमी. दुकानात मात्र बावीसच पुढे करतात, कारण गिऱ्हाईकही तेच मागतं. छाटणीवाल्यांच्या चहाच्या टपरीवर हा संवाद रोजचा:

"मामा, अठरा घेतली का बावीस?"

"बावीस. घेतल्यासारखी दिसली पाहिजे ने."

दिसण्यासाठी घेतलेले ते चार इंच पुढे वर्षभर खांदा उचलत राहतो.

आता पेट्रोल. टू-स्ट्रोक इंजिन आहे, नुसतं पेट्रोल टाकलं तर पहिल्याच टाकीत पिस्टनवर एग्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे पडतात आणि स्टार्टरची दोरी ओढताना दाबच लागत नाही. या जातीच्या मशीनला बहुतेक पुस्तिका २५ ला १ सांगतात, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. महागड्या मशीनचं ५० ला १ प्रमाण, लिटरला २० मिली, कुणी सांगितलं म्हणून इकडे वापरू नका. धूर थोडा जास्त होईल, होऊ द्या. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून, हलवून, मग टाकीत ओता. टाकीत आधी पेट्रोल आणि वरून अंदाजाने ऑइल टाकलं की ऑइल खाली बसतं, पहिली पाच मिनिटं इंजिन खोकतं आणि नंतर कोरडं पळतं. पहिल्या चार-पाच टाक्या पूर्ण रेस देऊन सलग कापू नका, मध्येमध्ये श्वास घेऊ द्या.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत तीन आठवडे पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी खाली वेगळं बसू शकतं, कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होतो आणि आतली काळी नळी फुगते. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त काम नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. जूनमध्ये रोज राबलेलं मशीन दिवाळीनंतर काढल्यावर सुरू होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र प्लग बदलत बसतात.

सुरू करायची रीत सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच आहेत. मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक, म्हणजे पुढच्या हँडलसमोरची ढाल, पुढे ढकलून लावा, उजव्या पायाचा चवडा मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर. प्रायमरचा फुगा सहा-सात वेळा दाबा, चोक ओढा, दोरी ओढा. तिसऱ्या-चौथ्या ओढीला एक 'फट्' असा आवाज येईल. तो ऐकला की चोक आत घाला आणि पुन्हा ओढा. तो 'फट्' न ऐकता चोकवरच ओढत राहिलात तर प्लग ओला होतो. मग प्लग काढून, पुसून, चोक आत ठेवून पाच-सहा वेळा कोरडी दोरी ओढायची आणि मग प्लग बसवायचा. एका हातात मशीन लटकवून दुसऱ्या हाताने दोरी झटकणं दिसायला रुबाबदार वाटतं, पण त्या वेळी पट्टीचं टोक मांडीच्या बाजूला असतं.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते चेनबद्दल, कारण या मशीनची बदनामी होते ती इंजिनामुळे कमी आणि बोथट चेनमुळे जास्त. कारखान्यातून आलेली चेन बरी असते, अगदी उत्तम नसते. तिचं पिच (कड्यांमधलं अंतर) .३२५ इंच आणि गेज (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) .०५८ इंच असतं, आणि २२ इंची पट्टीला ८६ लिंका. कानस हवी ४.८ मिमीची गोल. बाजारात ४ मिमीची आणि ५.२ ची कानसही तशीच दिसते. चार मिमीची वापरली तर दाताच्या पोटात खोल चर पडतो आणि धार एका दिवसात मुडपते, ५.२ ची वापरली तर कानस वर राहते आणि धार आखूड होते. कानस दातावरच्या ३० अंशांच्या खुणेला धरायची, दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलून घ्यायची. प्रत्येक दाताला सारखे तीन किंवा चार घाव. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सहा झाले की करवत लाकडात वाकडी चालते, आणि मग पट्टी वाकली म्हणून पट्टी बदलली जाते. चार वेळा धार लावून झाली की दातापुढचा छोटा उंचवटा चपट्या कानशीने उतरवायचा, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली. हे कुणी करत नाही. धार आहे पण मशीन लाकूड खात नाही, ही तक्रार त्यातूनच येते. आणि घाईत तो जास्त उतरवला तर करवत लाकडाला हिसके देते, तेही धोक्याचं.

धार आहे की नाही हे बघायला दाताकडे बघायचीही गरज नाही, खाली पडणारा भुसा बघा. चांगली चेन पोह्यांसारखे तुकडे फेकते. पिठासारखी पूड पडायला लागली की थांबा. त्यानंतर जो जोर लागतो तो माणसाच्या खांद्यातून आणि पिस्टनमधून जातो.

बडोद्याची झाडं चेनला विशेष त्रास देतात. रस्त्याकडेच्या कडुनिंबात आणि आसोपालवात (आपल्याकडचा उंच अशोक) बॅनरचे खिळे, मांडवाच्या लाइटिंगच्या तारा सालीखाली गेलेल्या असतात, बाहेरून फक्त एक छोटं टेंगूळ दिसतं. एका खिळ्यावर आठ-दहा दात बोथट होतात, ठिणगी दिसेपर्यंत काम झालेलं असतं. जमिनीपासून हाताच्या उंचीपर्यंतच्या खोडात करवत घालण्याआधी साल कोयत्याने खरवडून बघा. उत्तरायण झालं की फेब्रुवारीपर्यंत झाडांच्या शेंड्यात मांजा अडकलेला असतो. तो चेनबरोबर आत जाऊन क्लच ड्रममागे गुंडाळतो, वितळतो आणि ऑइल सील कापतो. त्या दिवसांत रोज संध्याकाळी कव्हर उघडून ड्रमच्या मागे बोट फिरवावं. आणि ज्या शहराचं नावच वडावरून पडलं तिथे वडाचं काम येणारच. वड, पिंपळ, उंबर यांचा चीक भुशात मिसळून पट्टीच्या खाचेत डिंकासारखा बसतो, ऑइल पुढे जात नाही, पट्टी निळी पडते. त्या कामानंतर चेन रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, पट्टीची खाच जुन्या हॅकसॉ पात्याने साफ करा आणि पट्टी उलटी करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.

चेन ताणताना दोन्ही नट ढिले करून पट्टीचं टोक वर उचलून धरायचं, स्क्रू फिरवायचा आणि टोक उचललेलं असतानाच नट आवळायचे. चेन खालच्या बाजूला पट्टीला टेकलेली हवी, पण हातमोज्याने ओढली की सरकली पाहिजे. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात लांबते, तेव्हा थांबून पुन्हा ताणा. गरम चेन ताणून तशीच ठेवून घरी गेलात तर गार होताना ती आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ताण येतो. जाताना ढिली करा.

ऑइल हा या मशीनचा खरा कच्चा भाग आहे. पंप फिरवणारा गिअर प्लास्टिकचा असतो. त्यात गॅरेजमधून आणलेलं काळं जळकं ऑइल टाकायची पद्धत आहे, पैसे वाचतात म्हणून. त्या ऑइलमधला धातूचा कीस पंपात जातो, गिअरचे दात खातो, आणि उन्हाळ्यात पातळ झालेलं ऑइल पट्टीवर टिकतच नाही, कापणाऱ्याच्या पँटवर उडतं. त्वचेलाही ते वाईट. चेनचं खास ऑइल नाही मिळालं तर साधं नवं ४० नंबरचं इंजिन ऑइल टाका. पंप चालतो का हे बघायला पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर चार बोटांवर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची एक टाकी संपते तोवर ऑइलची टाकीही जवळजवळ संपायला हवी. ऑइल तसंच उरलं असेल तर समजा पट्टी कोरडी चालली.

आता झाडावरचं काम. तिथे आमची पसंती ओढून कापणाऱ्या वाकड्या हातकरवतीला, सिल्कीसारख्या जपानी पात्याची, ३३० मिमी. मनगटाएवढी फांदी ती अर्ध्या मिनिटात काढते, आवाज नाही, तोंडाकडे उसळणं नाही, हातातून सुटली तर कमरेच्या दोरीला लटकते. पात्याचे दात टणक केलेले असतात, त्यांना कानस लागत नाही, पातंच बदलावं लागतं. पातं ढकलताना जोर लावला की वाकतं, जोर फक्त ओढताना. स्वस्तातलं पातं दोन महिन्यांत बोथट होतं, पण तरीही साडेसात किलोच्या चेनसॉपेक्षा बरं.

जाड फांदी कशानेही कापा, तीन काप हवेत. पहिला खालून, खोडापासून हातभर अंतरावर, जाडीच्या चौथ्या भागापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या दोन-तीन बोटं बाहेर. फांदी तिथे मोडून पडते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या अगदी बाहेरून. ती वळी कापून खोडाला सपाट केलं तर जखम भरत नाही, आणि खुंट ठेवला तर तो कुजून आत जातो. कापलेल्या जागी गेरू किंवा चुना लावून झाड वाचतं हा समजही सोडावा. अमेरिकेच्या वन खात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड कुजणारा भाग आतून भिंत घालून वेगळा करतं. बाहेरच्या रंगाने ते काम होत नाही.

फांदी किती जड असते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ३० सेंटिमीटर जाडीची आणि ३ मीटर लांबीची ओली फांदी साधारण २०० किलो भरते. रेन ट्रीच्या आडव्या फांद्या याच्या दुप्पट सहज असतात. ती दोराने उतरवायची असेल तर खालच्या माणसाने दोर नुसता हातात धरायचा नाही, बुंध्याला तीन वेढे द्यायचे, मग वजन बुंधा झेलतो. पिवळा पॉलिप्रॉपिलिनचा दोर घर्षणाने वितळतो, वेढ्यांसाठी पॉलिएस्टरचा घ्या. वरच्याने "खाली कोण?" विचारायचं आणि खालून "मोकळं!" आल्याशिवाय शेवटचा काप घालायचा नाही, हा शिरस्ता चांगल्या टोळ्या मोडत नाहीत. विश्वामित्रीच्या काठाला काम असेल तर खालच्या माणसाची जागा आधी ठरवा, मगरींचा तो काठ आहे. गुलमोहराला फार विश्वासाने लटकू नका, त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ.

या धंद्यात आलेल्या पोरांचं स्वप्न साधारण ठरलेलं असतं. आधी स्वतःची चेनसॉ, मग दोन-तीन सोसायट्यांचं पावसाळ्याआधीच्या छाटणीचं वर्षाचं काम, मग हायड्रॉलिक शिडीची गाडी. ही स्वप्नं खरी व्हावीत असं मनापासून वाटतं, म्हणूनच हा क्रम खटकतो. पहिले दहा हजार मशीनवर जातात आणि वर चढताना अंगावर असतो तो बांधकामावरचा सेफ्टी बेल्ट, ज्याची कडी पाठीवर असते. तो पडलेल्या माणसाला पकडायला असतो, लटकून काम करायला नाही. झाडात कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला हार्नेस लागतो, म्हणजे आखूड दोर खोडाभोवती घालून दोन्ही हात मोकळे राहतात. आधी तो हार्नेस, हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, चांगला दोर, हातकरवत. मग मशीन, आणि मशीनबरोबर कानाचे मफ आणि जाळीचा चेहरेपट, कारण हिचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

विजेची तार फांदीत असेल तर एमजीव्हीसीएलला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, कळवून पुरवठा बंद झाल्याशिवाय हात लावू नका, ओली फांदी वीज वाहते. झाड मुळापासून काढायचं असेल तर महानगरपालिकेची परवानगी आधी.

सुटे भाग मिळतात, आणि तोच या मशीनचा मोठा गुण. स्टार्टरची दोरी, पेट्रोलची नळी, प्रायमरचा फुगा, प्लग, पट्टीचे दोन नट आणि ऑइल पंपाचा गिअर एवढं पिशवीत ठेवलं तर काम अडत नाही. क्लच ड्रम दोन चेनींमागे एकदा बदला, झिजलेला ड्रम नवी चेन आठवड्यात खातो. एअर फिल्टर रोज झटका, कडुनिंबाचा कोरडा भुसा त्यात पिठासारखा घट्ट बसतो.

दुकानात पैसे देण्याआधी मशीन सुरू करायला लावा. रेस सोडल्यावर चेन जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. फिरत राहिली तर आयडलचा स्क्रू कमी करून दाखवायला सांगा, तरी फिरली तर क्लचची स्प्रिंग सैल आहे, दुसरा डबा उघडायला लावा. मग पूर्ण रेसवर मनगटाने ब्रेक पुढे ढकलून बघा, चेन त्याच क्षणी थांबली पाहिजे. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की करवत तोंडाकडे उसळते, आणि तेव्हा वाचवतो तो हाच ब्रेक. आणि बिलाच्या मागे पिच, गेज आणि लिंकांचा आकडा लिहून घ्या, .३२५, .०५८, ७२ किंवा ८६. पुढची चेन घ्यायला दुसऱ्या दुकानात जाल तेव्हा तिथला माणूस इंच विचारेल, तुम्ही लिंका सांगा.